चौथ्या उसाशाची खुंटी

एकदा एक वृद्ध जलशास्त्री होता. चौथ्या उसाशात दोन माणसं डोंगराच्या पोटात अडकली, आणि दोष या वृद्धाचा होता. हे आरंभीच सांगून टाकलेलं बरं. असल्या कथांत म्हातारा शेवटी दोन गंभीर वाक्यं बोलतो, शिष्य मान खाली घालतो, आणि ऐकणारे चूक विसरून वाक्यं तेवढी लिहून घेतात. वाक्यं इथेही येतील. पण दोष कुणाचा, ते आधी ठरलेलं असू दे.

डोंगरापलीकडे एक झरा होता आणि अलीकडे एक कोरडं नगर. झऱ्याचं पाणी डोंगराखालून भुयाराने नगरात आणायचं, हे काम वृद्धाकडे होतं. त्या लोकांची भुयार खणायची रीत अशी : डोंगरावर एका ओळीत नऊ खोल विहिरी पाडायच्या, प्रत्येकीच्या तळाशी दोन माणसांची एक जोडी उतरवायची, आणि शेजारच्या दोन जोड्यांनी समोरासमोर खणत येऊन मध्ये भेटायचं. या विहिरींना उसासे म्हणत. सकाळी त्यांच्या तोंडातून कोमट, ओलसर वारा बाहेर पडे आणि दुपारनंतर तोच आत ओढला जाई. काठावर उभं राहिलं की खाली कुणीतरी गाढ झोपेत श्वास घेतंय असं वाटे. नवे लोक तिथे फार वेळ थांबत नसत.

उतरलेली जोडी आठ दिवस वर येत नसे. आठ दिवसांच्या भाकऱ्या आणि दिव्याचं तेल बरोबर असे, पाणी डोंगर स्वतःच झिरपत असे. जेवण खाली, झोप खाली. वर काठावर रहाट ओढायला एक माणूस बसे. खालून मुरुमाची टोपली भरून आली की तो ती रिकामी करी आणि पुन्हा खाली सोडी.

पूर्वी वृद्ध रोज सायंकाळी नऊही उसाशांवर स्वतः जाई. काठावर पालथा पडे, डोकं आत घाली आणि खालच्यांना नावाने हाक मारी. उत्तर आल्याशिवाय उठत नसे. मग विचारी, किती झालं, काय अडलं, छत बोलतंय का. छत बोलणं म्हणजे वरच्या दगडाने कुरकुरणं. तीस वर्षं त्याने हे केलं आणि तीस वर्षांत त्याचा एकही माणूस डोंगरात राहिला नाही. हे श्रेय त्याचंच, ते कुणी काढून घेत नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर त्याने हाका मारायला जाणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. नऊ उसाशांचं काम आता एका डोक्यात मावत नाही, कामाचा हिशेब ठेवणारं एखादं साधन पाहायला हवं, एवढंच म्हणाला. मग त्याने अशी साधनं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावून घेतलं.

व्यापाऱ्याने अंगणात तीन साधनं मांडली. पहिलं, ओल्या मातीच्या चकत्या. प्रत्येक जोडीने रोज चकतीवर खुणा ओरखडायच्या, एवढं झालं, एवढं अडलं, हे हवं, आणि टोपलीतून वर धाडायची.

"रोज नऊ चकत्या वाचायच्या कुणी?" वृद्ध म्हणाला.

"बरोबर आहे," असं म्हणत व्यापाऱ्याने चकत्या पुन्हा फडक्यात बांधल्या. "त्या तशा लहान कामांनाच बऱ्या."

दुसरं साधन घंटेची दोरी. एक टोक खणणाऱ्याच्या हाताशी, दुसरं वर घंटेला. दिव्यात तेल घालताना खालच्याने दर वेळी ओढायची, आणि वर बसलेल्याने घंटा ऐकली की उलट ओढायची. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे ऐकलं, आलो. तीनदा म्हणजे अडकलो. तीनचा अर्थ डोंगरात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. दोरी नसेल तेव्हा ते पहारीने दगडावर तेच तीन ठोके मारत.

"म्हणजे घंटांपाशी कुणीतरी सतत बसायचं," वृद्ध म्हणाला.

"बसायला तर लागेलच."

तिसरं साधन शिसवी फळा. त्यावर नऊ ओळी, प्रत्येक ओळीत चाळीस भोकं. एकेका भोकाला व्यापारी घर म्हणत होता. दर ओळीत एक खुंटी, दर जोडीची एक. जोडीने एक हात खणलं की सायंकाळी रहाटवाल्याने येऊन खुंटी एक घर पुढे सरकवायची.

"पूर्वेच्या सात नगरांत हाच फळा आहे," व्यापारी म्हणाला. "राजे येतात, बघतात, प्रसन्न होऊन जातात. रंगीत खुंट्याही मिळतील. पुढच्या वर्षी नवी घडण येते आहे, तिला झाकण असणार."

"झाकण कशाला?" शिष्याने विचारलं. हा शिष्य बारा वर्षं वृद्धाकडे शिकत होता. तिशी गाठली तरी तो शिष्यच होता.

"आलं की कळेल. महिनाभर ठेवून पाहा, रुचला नाही तर परत नेईन. आजवर कुणी फळा परत केलेला नाही."

"आणि दोरी?"

"दोरी घेतंय कोण?" व्यापारी हसून म्हणाला.

शिष्याला एक गोष्ट सुचली, जी वृद्धाला सुचली नव्हती. जे हे साधन वापरणार त्यांना विचारावं. तो उसाशांवर गेला. चौथ्याची जोडी पाळी संपवून नुकतीच वर आली होती. सटवा आणि ढवळू. सटवा जितका बोलका तितका ढवळू गप्प, आणि दोघांच्या दाढीत पांढरा मुरूम.

"काय धाकलं वस्ताद," सटवा म्हणाला, "अंगणात जत्रा भरलीया म्हनं?"

शिष्याने तिन्ही साधनं समजावून सांगितली. सटवाने ऐकून घेतलं आणि पाय पसरून बसला.

"दोरी घ्या. दोरीला दोन टोकं असत्यात. येक आमच्या हातात, येक तुमच्या. फळ्याला आमचं टोक कुठं हाय?"

"आपली खुंटी हाय की त्याच्यावर," ढवळू म्हणाला.

"तुजी खुंटी बोलती का? मी बोललो तर तिला ऐकू येतंय का?" सटवा शिष्याकडे वळला. "वस्तादास्नी हाका मारायचा कंटाळा आला आसंल तर ऱ्हाऊ द्या. पर आमाला कायतरी ओढाया तरी ठेवा."

शिष्याने हे शब्दशः वृद्धाला सांगितलं. वृद्धाने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "पाहू."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर निवड झाली. वृद्धाने आपली खाट अंगणात आणायला सांगितली. तो खाटेवर आडवा झाला, एक डोळा मिटला, आणि उघड्या डोळ्याने आधी दोरीकडे आणि मग फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने बोट फळ्याकडे केलं. ही कृती कुणालाच उलगडली नाही. शिष्याने अर्थ विचारला.

वृद्ध म्हणाला, "दोन डोळ्यांनी माणूस भेद पाहतो, एका डोळ्याने ऐक्य. जे साधन सारं कार्य एका दृष्टीत सामावून घेतं, तेच संघाला एकत्र बांधतं."

मंडळींनी माना डोलावल्या. दोघांनी वाक्य पाठ केलं. एवढं विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही की ऐक्य बघायला आडवं का व्हावं लागतं.

फळा वृद्धाच्या झोपडीत, खाटेसमोरच्या भिंतीला लागला. पहिल्या पंधरवड्यात तो मोठा शोभला. नगरातले प्रतिष्ठित येत, नऊ ओळी बघत आणि म्हणत, वा, सगळं कसं समोर आहे. वृद्ध खाटेवरूनच सांगे, हा तिसरा, हा सातवा, याला कातळ लागलाय. लोकांना वाटे, म्हातारा घरात पडून डोंगराच्या आत बघतो.

मग त्याने एक नियम केला. ज्याची खुंटी दोन दिवस जागची हलली नाही त्या जोडीची बदली नवव्या उसाशावर. नवव्यात हवा कोंदलेली होती आणि तिथून वर आलेली माणसं महिना महिना खोकत. नियमामागचा विचार वाईट नव्हता, आळशांना जाग यावी. पण झालं असं, की त्या दिवसापासून एकही खुंटी कधी जागची राहिली नाही. कातळ लागो, पाणी लागो, कुणी आजारी पडो, नऊही खुंट्या रोज पुढे सरकत. सायंकाळी रहाटवाले येत आणि फळ्यासमोर उभं राहून कुजबुजत. "त्याची पण सरकव रे, बिचाऱ्याचा पोरगा आजारी हाय." शेजारधर्म म्हणून खुंटी सरकवायची प्रथाच पडली. वृद्ध खाटेवरून बघत असे. त्याला ओळी सरळ दिसत होत्या.

शिष्यालाही उसाशांवर जायची मनाई झाली. "सगळं इथे दिसतंय," वृद्ध म्हणाला. "पाय कशाला झिजवतोस?"

पौषात सटवा आणि ढवळू पुन्हा चौथ्यात उतरले. सटवाची बायको हौसा आठ दिवसांच्या भाकऱ्या बांधून घेऊन आली होती. उतरताना सटवा रहाटवाल्या गोंदाला म्हणाला, "आमची खुंटी मागं पडू दिऊ नगंस हां. मला नवव्यात मरायचं न्हाई." गोंदा त्याचा मावसभाऊ होता. त्याने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौथ्यातून टोपली वर आली ती रिकामी. गोंदाने ती पुन्हा सोडली, पुन्हा रिकामी आली. त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही, पण खोलवर दगडावर लोखंडाचा आवाज येत होता. ठक, ठक, ठक. मग थोडं थांबून पुन्हा. गोंदाने स्वतःची समजूत घातली, काम चालू आहे, कातळ लागलाय, माल निघत नाही. हे जाऊन सांगावं तर जोडीची बदली नवव्यावर. सायंकाळी त्याने खुंटी एक घर पुढे सरकवली. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही तेच केलं. सहाव्या दिवशी तो तापाने पडला आणि रहाटावर कुणीच नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी शिष्य लाकडं आणायला चौथ्या उसाशावरून गेला. काठाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की काहीतरी नाही. बघायला सगळं होतं, रहाट, दोर, टोपली. मग त्याने विहिरीवर तळहात धरला. उरलेल्या आठ उसाशांतून कोमट वारा वर येत होता. चौथ्यातून येत नव्हता. विहिरीने श्वास धरून ठेवला होता. कान दिला तर खाली तेच, ठक ठक ठक, फार सावकाश, जणू कुणी दार वाजवून वाट बघत होतं.

तो धावत झोपडीत गेला. "वस्ताद, चौथ्याचा वारा थांबलाय. खालून तीन-तीन ठोके येतायत."

वृद्धाने फळ्याकडे बोट केलं. चौथी खुंटी सर्वांत पुढे होती. "बघ. चौथा आणि पाचवा भेटायला आले. भुयार जुळायला आलं की वारा बदलतो, आणि ठोके तर खणण्याचेच."

"खाली हाक मारून येऊ का? अर्ध्या घटकेचं काम आहे."

"तुझा फळ्यावर विश्वास नाही, की माझ्यावर?"

शिष्य गप्प बसला. बारा वर्षांच्या शिकवणीतून तो एवढंच पक्कं शिकला होता.

सहाव्या सायंकाळी चौथी खुंटी एक घर पुढे गेली. सातव्या सायंकाळीही गेली. आठव्या दिवशी सकाळी पाळी संपली आणि जोड्या एकेक करून वर येऊ लागल्या. हौसा चौथ्याच्या काठावर धोतर आणि गरम पाणी घेऊन बसली होती. आठ जोड्या आल्या. चौथी आली नाही.

पाचव्याच्या जोडीतला मालू अंगावरचा मुरूम झटकत तिच्याजवळ आला. "वैनी, सटवाला सांग, जिंकला म्हनून येवढा माज करू नगं. पाच दिवस झालं आमाला डिवचतोय."

"डिवचतोय म्हंजी?" हौसाने विचारलं.

"भित्तीपलीकडनं ठोकतोय की. तीन ठोकं, थांबतोय, पुन्यांदा तीन. फळ्यावर त्ये म्होरं हायत, आसं रहाटावरनं रोज सांगत्यात ना, म्हनून चिडवाया. आमी पन उलटं ठोकलं, दोन. आलो रं बाबा आलो." तो हसला. मग हौसाचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "पर येक हाय. आवाज रोज यायचा, तरी जवळ येत नव्हता."

शिष्य तिथेच उभा होता. त्याने मालूला तो ठोका दगडावर वाजवून दाखवायला सांगितलं. मालूने तीनदा वाजवला. तिसऱ्या ठोक्यावर त्याचा हात तसाच थांबला. तीनचा अर्थ त्याला जन्मापासून ठाऊक होता. फळ्यावर जो सगळ्यांच्या पुढे तो अडकेल कशाला, या एका विचाराने तो पाच दिवस हा अर्थ विसरला होता. आणि पाच दिवस त्याने उलट उत्तर दिलं होतं, आलो.

चौथ्यातून माणसं उतरवली. वीस हातांवर छत खाली आलं होतं. दरडीचा एक दगड काढला की वरून दोन येत. तिकडून वाट नव्हती. मग पाचव्याच्या बाजूने खणायचं ठरलं. फळ्यावरची चौथ्या-पाचव्याची घरं मोजली तर मध्ये एकच हात भिंत उरली होती. दुपारपर्यंत एक हात झाला. समोर भिंतच. पलीकडून ठोके येत होते, तीन आणि तीन.

शिष्य वर आला, फळ्यासमोर उभा राहिला आणि रहाटवाल्यांना बोलावून म्हणाला, "खाली दोघं जिवंत आहेत. मला खरं अंतर हवंय. दरड तिसऱ्या दिवशी आली. त्यानंतर ही खुंटी पाच घरं सरकली. कुणी सरकवली? कुणाची कुठेही बदली होणार नाही."

गोंदाला दोघांनी धरून आणलं होतं. "तीन मी," तो म्हणाला आणि खाली बसला.

"सहाव्या दिवसाचं येक मी," पाचव्या रहाटावरची रंगू म्हणाली. "गोंदा आजारी व्हता. मला वाटलं, इसरून ऱ्हायलंय."

"चार झाली. सातव्या दिवसाचं?"

शिष्याने एकेकाला नावाने विचारलं. आपण नाही, अशी एकेकाने आईची शपथ घेतली. बाहेर दुपारचा वारा फिरला आणि आठही उसासे आत श्वास ओढू लागले. तो आवाज झोपडीपर्यंत आला. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "डोंगरानंच सरकवली." यावर कुणी हसलं नाही.

वृद्ध खाटेवर होता. त्याने सगळं ऐकलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मग आपलीच मोजणी एका घराने चुकली असावी असं समजून शिष्याने चारच घरं खोटी धरली. फळ्यावरचा हात खणून झाला होता, आता आणखी चार. चार माणसं आळीपाळीने खणत राहिली. दहाव्या दिवशी सायंकाळी चार हात पुरे झाले. समोर भिंत. आता ठोके सगळीकडून येत असल्यासारखे वाटत होते, डावीकडून, पायाखालून, डोक्यावरून. दगडात आवाज असाच फिरतो. मालू म्हणाला, ओळ चुकली, आपण त्यांच्या बाजूने निघून पुढे आलो. अंतर पुरं झालं असताना माणसं लागत नाहीत, याचा दुसरा अर्थ लागत नव्हता. त्यांनी डावीकडे खणायला घेतलं. अकराव्या दिवसाची सायंकाळ होईपर्यंत डावीकडेच खणलं.

त्या सायंकाळी शिष्य झोपडीत एकटाच आला. फळ्याकडे पाहिलंही नाही.

"पाचवं घर कुणाचं, वस्ताद?"

वृद्धाने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाला, "माझं. सगळे गेल्यावर भिंतीला धरून खुंटी सरकवली. दुसऱ्या दिवशी नगरशेठ येणार होते. त्या सायंकाळी आठ खुंट्या सरकल्या होत्या, एकच जागच्या जागी. ओळ वाकडी दिसत होती."

"आम्ही पूर्ण एक दिवस डावीकडे खणलं."

"मला वाटलं, एका हाताने काय होणार."

शिष्य परत भुयारात गेला आणि सरळ खणायला लावलं. बाराव्या दिवशी सकाळी पहार पोकळीत घुसली. एका हातावर.

ढवळू जिवंत होता. त्याचा उजवा हात दगडाखाली चिरडला होता आणि तोंडाला ओला मुरूम लागला होता, चाटलेला. सटवा त्याच्या शेजारी बसलेल्या स्थितीत होता, पहार मांडीवर. ढवळू म्हणाला, "काल दुपारपातुर बोलत व्हता. म्हनायचा, ऐक, मालू दोन ठोकतोय, येतुया."

काल दुपारपर्यंत. डावीकडे खणत होते तोपर्यंत.

मालूने विचारलं, "मग रातच्याला आन् आज सकाळी ठोकत कोन व्हतं?"

ढवळूने स्वतःच्या चिरडलेल्या हाताकडे पाहिलं, मग सटवाच्या मांडीवरच्या पहारीकडे. "आज कुनी ठोकलं न्हाई," तो म्हणाला. खणणाऱ्या चौघांनी तो आवाज ऐकला होता, पहार पोकळीत घुसेपर्यंत ऐकला होता, आणि त्या आवाजाच्याच रोखाने ते शेवटचा हात सरळ आले होते. याबद्दल ते चौघे पुढे कधीही बोलले नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सगळे झोपडीसमोर जमले. हौसा पुढे होती. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "वस्ताद, त्यांनी दोरी मागितली व्हती. तुमी फळा का घेतला?"

लोकांना वाटलं, म्हातारा आता नियतीबद्दल बोलेल. तो दारात आणलेल्या खाटेवरून उठून उभा राहिला. त्याला तेवढ्यालाही दोघांचा आधार लागला, आणि तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं की त्याचे गुडघे लाकडासारखे ताठ झाले आहेत.

तो म्हणाला, "माझे गुडघे गेले. उसाशांवर जाणं होईना. हाका मारायला मी याला पाठवू शकलो असतो. पण मग डोंगरात काय चाललंय ते याला आधी कळलं असतं, आणि मला याला विचारावं लागलं असतं. तीस वर्षं सगळे मला विचारत होते. म्हणून मी असं साधन शोधलं, जे पडल्या पडल्या दिसेल आणि ज्यात कुणाला काही विचारावं लागणार नाही. आडवा होऊन मी तेवढंच तपासलं. दोरी खाटेवरून दिसत नव्हती. दोरी ऐकावी लागते, आणि ऐकल्यावर उत्तर द्यावं लागतं. फळा उत्तर मागत नाही. मी पाहणाऱ्याच्या सोयीचं निवडलं, आणि खणणाऱ्याला सांगितलं की हे तुझ्यासाठी आहे. ऐक्याचं ते वाक्य मला नंतर सुचलं."

हे बोलणं खरं होतं, हे सगळ्यांना कळत होतं. असंच खरं तो आठव्या दिवशी दुपारी, पाचव्या घराबद्दल, बोलला असता तर सटवा तिथे उभा असता, हेही कळत होतं.

"गुडगं दुकत व्हतं," हौसा म्हणाली, "तर सांगायचं व्हतं." आणि ती निघून गेली.

शिष्याने वृद्धाच्या पायांना हात लावला नाही. तो खणणाऱ्यांबरोबर गेला, सगळ्यांनी मिळून नऊ घंटा टांगल्या, आणि घंटांपाशी बसायची पाळी ज्याची त्याने लावून घेतली, शिष्यानेही. काम पुष्कळ रेंगाळलं. दोऱ्या अडकत, तुटत, कुणी झोपेत ओढली की सगळ्यांची धावपळ होई. ज्यांना आपल्या माणसांसाठी साधन निवडायचं आहे, त्यांनी ते निवडण्याआधी, ते ज्याच्या हातात पडणार आहे त्याला एकदा विचारावं, आणि तो जे सांगेल ते घेऊन खाटेवर झोपू नये.

अडीच वर्षांनी पाणी नगरात आलं. वृद्ध त्यानंतरही जगला, एकूण अकरा वर्षं. त्याला जेवण वेळेवर मिळत होतं, औषध मिळत होतं. त्या अकरा वर्षांत त्याला कुणीही, कशाबद्दलही, काही विचारलं नाही.